आधी पायी, मग चाकावर : ठाणे-नवी मुंबईच्या आसपासच्या डोंगरवाटांसाठी मार्गदर्शक

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला डोंगरासाठी लांब जावे लागत नाही. ठाण्याच्या पश्चिमेला येऊर आहे, मुंब्र्यापासून बेलापूरपर्यंत पारसिकची रांग आहे आणि खारघरच्या डोक्यावर पठार आहे. पनवेलच्या पूर्वेला माथेरान आणि प्रबळगडाचा पसारा, दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, शहापूरकडे माहुलीचे सुळके आणि मुरबाडच्या पलीकडे सह्याद्रीची मुख्य धार हे सगळे पहाटे निघून रात्री घरी परतण्याच्या अंतरात आहे. या डोंगरांत पायी जावे, सायकलने जावे की फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन जावे, याचा निर्णय बहुतेक जण स्वतःजवळ काय आहे ते पाहून घेतात. माझे ठाम मत असे आहे की हा निर्णय वाट पाहून घ्यावा, आणि ज्या वाटेवर आपण आधी पायी चाललेलो नाही तिच्यावर सायकलचे किंवा गाडीचे चाक घालू नये. पुढील सर्व सूचना या एका नियमाला धरून आहेत.

वाट कोणाच्या हद्दीत आहे

नकाशा उघडण्यापूर्वी पहिला प्रश्न मालकीचा विचारावा. आपल्या आसपासचा डोंगराळ प्रदेश मोठ्या प्रमाणावर संरक्षित आहे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, वसईच्या अंगाला तुंगारेश्वर अभयारण्य आहे, माहुली किल्ला तानसा अभयारण्यात येतो आणि कर्नाळा किल्ल्याभोवती १९६८ साली जाहीर झालेले पक्षी अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात पर्यटकाला वनखात्याच्या परवानगीनेच प्रवेश मिळतो. बहुतेक ठिकाणी ही परवानगी फाटकावरच्या पावतीच्या रूपात मिळते, मात्र ती पावती ठरावीक वाटेपुरती आणि ठरावीक वेळेपुरतीच असते. येऊरला वस्तीपर्यंत डांबरी रस्ता जातो म्हणून आतल्या पायवाटेवर सायकल नेण्याची मुभा मिळाली, असा अर्थ कोणी काढू नये. अभयारण्यांच्या आतल्या पायवाटा सायकलसाठी नाहीत आणि गाडीसाठी तर मुळीच नाहीत.

माथेरानची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे खासगी मोटारगाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि पुढे चालत, घोड्यावर किंवा मिनी ट्रेनने जायचे असते. पनवेलकडून धोदाणीमार्गे सनसेट पॉइंटला चढणारी जुनी पायवाट चालणाऱ्यांसाठी फार चांगली आहे, परंतु ती पायवाट आहे आणि तिला पायवाटच राहू द्यावे.

मग चाकांसाठी उरते काय? पारसिक टेकडीवरचे चढाचे डांबरी रस्ते, गावांना जोडणारे कच्चे रस्ते, धरणांच्या आणि शेतांच्या कडेने जाणारे बैलगाडीचे मार्ग आणि मालकाची रीतसर परवानगी असलेल्या खासगी जमिनी. शहापूर, मुरबाड आणि पनवेल या तालुक्यांत असे कच्चे रस्ते पुष्कळ आहेत. जमीन खासगी असेल तर मालकाला, गावाची असेल तर सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना आणि वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाला आधी विचारावे. विचारण्याची वेळ आदल्या आठवड्यातली असावी, कारण सकाळी आठ वाजता गाडीची चार चाके गावात उभी करून विचारलेल्या प्रश्नाला गावकरी मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाहीत.

हंगाम आणि हवामान

डोंगरवाटांसाठी सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढे असते, उष्मा जाणवतो आणि वाटा दिसत नाहीत. मार्चपासून कातळ तापतो, टाक्यांतले पाणी आटते आणि वणव्यांचा धोका वाढतो. वणवा चढाच्या दिशेने फार वेगाने धावतो, म्हणून तो खालच्या अंगाला दिसला तर धारेवरून वर पळत सुटण्याऐवजी बाजूला सरकावे आणि शक्य असेल तर आधीच जळून गेलेल्या किंवा उघड्या कातळाच्या जागेवर जाऊन थांबावे.

पावसाळ्याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडची बहुसंख्य गर्दी तेव्हाच डोंगरात जाते आणि गंभीर अपघातही तेव्हाच होतात. मुंबई परिसरात मान्सून सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास येतो. भारतीय हवामान विभाग २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक पावसाला जोरदार, ११५.६ च्या पुढे अतिजोरदार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार असे म्हणतो. हे आकडे लक्षात असले की पिवळा, नारिंगी आणि लाल या इशाऱ्यांचे गांभीर्य समजते. माझी सूचना अशी आहे की नारिंगी किंवा लाल इशारा असताना डोंगरात जाऊच नये आणि पिवळा असताना ओढा ओलांडावा लागणारी कोणतीही वाट निवडू नये. खारघरचा पांडवकडा आणि माळशेज घाटाचा परिसर अशा धबधब्यांच्या ठिकाणी पावसाळ्यात प्रशासन बंदीचे आदेश काढते. ते आदेश तिथे गेलेल्या जिवांमुळे काढावे लागले आहेत, त्यामुळे ते पाळण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

ओढ्याचे पाणी वाढते ते आपल्या डोक्यावरच्या पावसाने नव्हे, तर वरच्या पाणलोटात पडणाऱ्या पावसाने. आपण उभे आहोत तिथे ऊन असले तरी वर काळे ढग दाटलेले असतील, नितळ पाणी अचानक गढूळ होऊ लागले असेल आणि पाण्याबरोबर पालापाचोळा व काटक्या वाहत येत असतील, तर लोंढा जवळ आला आहे असे समजावे. अशा वेळी वाडीतले एखादे काका सांगतात, "दादा, वरच्या अंगाला लागलाय पाऊस, आत्ता उतरू नका पाण्यात, घटकाभर बसा." तेव्हा खरोखर बसावे. सह्याद्रीतले ओढे जसे चटकन चढतात तसेच पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात. अंधार पडला तरी चालेल, पण कमरेएवढ्या वाहत्या पाण्यात पाय घालू नये.

दुसरा धोका दरडींचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सलग काही दिवस पाऊस पडून मातीचा थर पाण्याने जड झाला की तो खालच्या कातळावरून सुटून येऊ शकतो. उतारावर नव्याने पडलेल्या भेगा, एका बाजूला कललेली झाडे आणि जिथे कधी पाणी नव्हते तिथून फुटलेले गढूळ झरे ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर त्या उताराखालून जाऊ नये, तिथे तंबू लावू नये, आणि वाडीतल्या लोकांना तातडीने कळवावे.

नकाशा आणि वेळेचा हिशेब

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे या कामासाठी उत्तम आहेत. त्यांवर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि दोन समोच्च (समान उंची जोडणाऱ्या) रेषांमधला उंचीचा फरक २० मीटर असतो. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, दूर गेल्या की पठार, आणि गावाच्या बाजूने बाहेर फुगलेल्या रेषांची माळ दिसली की ती डोंगराची सोंड, एवढे ओळखता आले तरी घरबसल्या अर्धी वाट समजते. चढायला सोंड निवडावी. घळ किंवा नाळ दिसायला जवळची असली तरी तिच्यात घसारा, म्हणजे सुटे दगड आणि माती, असते, वरून दगड येतात आणि पावसात तीच पाण्याची वाट होते. मोबाइलवरचे नकाशे आधी उतरवून ठेवावेत, कारण डोंगराच्या मागच्या अंगाला नेटवर्क मिळत नाही. फोन विमान मोडवर ठेवला तर उपग्रहावरून आपले स्थान कळत राहते आणि बॅटरीही टिकते.

वेळेसाठी गिर्यारोहकांमध्ये एक जुना हिशेब आहे. दर ५ किलोमीटर अंतराला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा, ४ किलोमीटरची वाट असून ७०० मीटर चढायचे आहे. अंतराची ४८ मिनिटे आणि चढाईची ७० मिनिटे मिळून सुमारे दोन तास होतात. हा हिशेब थंड हवेतल्या सराईत माणसाचा आहे. आपल्या दमट हवेत, मिश्र गटात आणि पाठीवर पाणी असताना त्याची दीडपट धरावी, म्हणजे तीन तास. उतरायला चढाईपेक्षा फार कमी वेळ लागेल असे गृहीत धरू नये, कारण घसाऱ्यावर आणि थकलेल्या गुडघ्यांनी उतरणे संथच होते. नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो आणि पूर्वेकडच्या उतारावर सावली त्याच्या कितीतरी आधी पडते. म्हणून निघण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ ठरवावी आणि ती सर्वांना सांगावी. दुपारी एक वाजता माथा पंधरा मिनिटांवर दिसत असला तरी ठरलेली वेळ झाली की फिरावे. या बाबतीत मी कोणालाही सवलत देत नाही.

पायी

सुरुवात कर्नाळ्याने करावी. मुंबई-गोवा महामार्गावर अभयारण्याच्या फाटकातून निघणारी वाट ठळक आहे, सोंडेवरून चढते आणि सावलीतून जाते. त्यानंतर आसनगाव स्थानकावरून माहुली किंवा वांगणीहून चंदेरीचा पायथा, असे एकेक पाऊल पुढे जावे. चंदेरीचा वरचा टप्पा आणि कलावंतीण दुर्गाच्या कातळात खोदलेल्या उघड्या पायऱ्या या अनुभव आल्यानंतरच्या, कोरड्या दिवसांतल्या गोष्टी आहेत.

बुटाचा विचार तळव्यापासून सुरू करावा. आपला डोंगर काळ्या बेसाल्टचा आहे. तो कोरडा असताना पाय छान धरून ठेवतो, पण ओला होऊन शेवाळला की कोणताही बूट पूर्ण भरवशाचा राहत नाही. मऊ रबराचा आणि खोल नक्षीचा तळवा घ्यावा, कडक प्लास्टिकसारखा तळवा टाळावा, आणि नवा बूट आधी काही दिवस शहरात वापरून मगच डोंगरात न्यावा. ओल्या कातळावर पूर्ण तळवा टेकवून, लहान पावले टाकत चालावे. टाच आधी टेकवली की घसरलेच. घसाऱ्यावर उतरताना गुडघे किंचित वाकवून, अंग थोडे पुढे ठेवून चालावे. घाबरून मागे झुकल्यास पाय निघून जातो आणि माणूस पाठीवर आपटतो.

पाणी माणशी तीन लिटर हे किमान आहे आणि मार्चनंतर चार. किल्ल्यावरच्या टाक्यांचे पाणी हिवाळ्यात मिळेल असे वाटले तरी त्यावर सगळा बेत आखू नये. पाण्याबरोबर ओआरएसची पाकिटे न्यावीत. डोके दुखणे, मळमळ, चालताना तोल जाणे आणि बोलण्यात असंबद्धपणा येणे ही उष्माघाताची चिन्हे दिसली की चढाई तिथेच संपवावी. त्या व्यक्तीला सावलीत आडवे करावे, मान, काख आणि जांघेवर ओले कापड ठेवून वारा घालावा, आणि ती शुद्धीत असेल तरच घोट घोट पाणी द्यावे.

आता वाट ओळखण्याविषयी. सह्याद्रीत चुकणारे बहुतेक लोक ढोरवाटेवर चुकतात. गुरे चरत चरत जातात, त्यामुळे ढोरवाट डोंगराच्या अंगाला समांतर फिरते, दर वीस पावलांवर फाटे फोडते, पुन्हा मिळते आणि शेवटी कारवीच्या झुडपांच्या दाट रानात नाहीशी होते. माणसांची वाट कुठेतरी पोहोचण्यासाठी पडलेली असते. ती सोंड धरते, खिंडीकडे वळते आणि तिच्यावरचे दगड झिजून गुळगुळीत झालेले असतात. खाली वाकून पाहिले तर खडकाच्या कडांवर बुटांनी घासल्याचे फिकट डाग दिसतात, मोक्याच्या वळणावर लगोरीसारखे रचलेले दगड किंवा रंगाचे बाण असतात, आणि कारवीत ही वाट खांद्याच्या उंचीपर्यंत मोकळी असते. ढोरवाटेवर मात्र कारवी तेवढ्या उंचीवर मिटलेली असते आणि आपल्याला वाकून जावे लागते. वाकून चालायला लागलो की थांबावे आणि शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत यावे. पुढे कुठेतरी वाट मिळेल या आशेने खाली उतरत जाणे सर्वांत धोक्याचे आहे, कारण उतरता उतरता माणूस कड्याच्या तोंडाशी येतो आणि तिथून ना खाली जाता येते ना वर.

वाट विचारण्यालाही एक पद्धत आहे. "ही वाट गडावर जाते का?" असे विचारले तर समोरचा माणूस सौजन्याने होकार देतो. त्याऐवजी "काका, गडावर जायला वाट कुठून आहे?" असे मोकळे विचारावे आणि उत्तरातल्या खुणा, म्हणजे आंब्याचे झाड, पाण्याचे टाके, देवाचा दगड, लिहून घ्याव्यात. वाडीतल्या माणसाने सांगितलेला अर्धा तास त्याच्या पायांचा असतो, आपण तो दुप्पट धरावा. अनोळखी वाट असेल तर गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याचा मोबदला निघण्यापूर्वीच ठरवून पूर्ण द्यावा. ठाकर आणि कातकरी वाड्यांतल्या लोकांचे हे रोजचे रान आहे. त्यांच्या या ज्ञानाला दाम मिळालाच पाहिजे.

येऊर आणि तानसाच्या रानात बिबट्या आहे. तो सहसा माणसाला टाळतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने फिरू नये, लहान मुलांना गटाच्या मध्ये ठेवावे आणि दिसलाच तर पळू नये, बसू वा वाकू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. प्रत्यक्षात बिबट्यापेक्षा आग्या मोहोळाचा धोका अधिक आहे. कड्यांच्या कपारींत आणि किल्ल्यांच्या दरवाजांवर लोंबणारी ही मोठी पोळी धुराने, दगड मारल्याने किंवा मोठ्या आवाजाने उठतात. पोळे दिसले की आवाज न करता बाजूने जावे. माश्या उठल्याच तर हात न झटकता डोके व चेहरा झाकून लांब जावे.

सायकलवर

माउंटन बाइकसाठी सर्वांत आधी पायी फिरून वाटेची तीन गोष्टींसाठी पाहणी करावी : पृष्ठभाग, उतार आणि बाहेर पडण्याच्या जागा. आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर मुरूम असतो आणि तो कोरड्या दिवसांत पाटावर सांडलेल्या मोहरीसारखा चाकाखालून सरकतो. ज्या उतारावर चालताना आपल्याला हात टेकावासा वाटला तो उतार सायकलवरून उतरण्याजोगा नाही, एवढा साधा निकष नवशिक्याला पुरतो.

नवशिक्याला दोन्ही बाजूंना सस्पेन्शन असलेली महाग सायकल लागत नाही. पुढे चांगला फोर्क, २.१ ते २.४ इंचांचे टायर आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असलेली हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) सायकल ठाणे-पनवेलच्या वाटांना पुरेशी आहे. हवेचा दाब मात्र जपून ठरवावा. डांबरी रस्त्यावरचा दाब मुरमावर ठेवला तर चाक उड्या मारते आणि पकड जाते. सुमारे ७० किलो वजनाच्या स्वाराने ट्यूबच्या टायरमध्ये २८ ते ३२ पीएसआय आणि ट्यूबलेसमध्ये २२ ते २६ पीएसआयपासून सुरुवात करावी व अनुभवाने एक-दोन अंकांनी बदल करावा. ट्यूबच्या चाकात दाब फार उतरवला तर दगडावर आदळून ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात.

उतरताना बैठक खाली घ्यावी, दोन्ही पॅडल आडव्या रेषेत ठेवावीत, उभे राहून वजन पॅडलवर द्यावे आणि नजर चाकापुढे न ठेवता आठ-दहा मीटर पुढे ठेवावी. ब्रेक वळणाच्या आधी लावावा आणि वळणात सोडावा. मुरमाच्या वळणात पुढचा ब्रेक दाबला की पुढचे चाक सरकते आणि सावरायला वेळच मिळत नाही. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नये, दाबावा आणि सोडावा, म्हणजे डिस्क तापून पकड कमी होत नाही.

सोबत न्यायच्या वस्तूंमध्ये पंप, दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, साखळी तोडण्याचे हत्यार, साखळीची जोडकडी आणि आपल्याच सायकलच्या मापाचा सुटा डिरेलर हँगर या गोष्टी असाव्यात. मागचे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर हा अॅल्युमिनियमचा लहानसा तुकडा मुद्दाम मऊ बनवलेला असतो, म्हणजे सायकल उजवीकडे पडली तर फ्रेमऐवजी तो वाकतो. तो प्रत्येक कंपनीचा आणि मॉडेलचा वेगळा असल्याने रानातच काय, शहरातल्या दुकानातही आयत्या वेळी मिळण्याची खात्री नसते. हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्यांची कवचे यांविना उतारावर जाऊ नये. समोरून चालणारी माणसे, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया किंवा गुरे आली तर थांबून, पाय टेकवून वाट द्यावी. पहिला हक्क चालणाऱ्याचा आहे.

गाडीने

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीविषयी पहिली गोष्ट अशी की ती अडचणीत नेण्यासाठी नाही, अडचणीतून बाहेर येण्यासाठी आहे. खडबडीत कच्चा रस्ता टू-व्हीलमध्ये जितका जाता येईल तितका जावा, पुढे फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग), आणि तीव्र चढ-उतारावर किंवा खडकांवर फोर-लो (चारही चाकांना ताकद, कमी वेग आणि जास्त जोर) घ्यावे. ज्या गाड्यांत चारही चाके निवडून जोडावी लागतात, त्या गाड्या कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये चालवू नयेत. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, त्यांना सरकायला जागा न मिळाल्याने सगळा ताण गिअरच्या साखळीवर आणि शाफ्टवर येतो.

एकट्या गाडीने कधीही जाऊ नये, निदान दोन असाव्यात. अवघड जागा आली की चालकाने इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून खाली उतरावे आणि ती जागा पूर्ण चालून पाहावी. गाडीचा तळ कुठे टेकेल, कोणते चाक हवेत जाईल, परत यावे लागले तर कुठून, हे सगळे पायांनीच कळते. नंतर एकच माणूस समोर उभा राहून हाताने दिशा दाखवेल आणि चालक फक्त त्याचेच ऐकेल. चार जण चार दिशांनी ओरडू लागले की चालकाला काहीच कळेनासे होते. मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घेऊ नये, कारण डिफरेन्शियल, म्हणजे चाकांमधल्या आसावरचा गिअरचा डबा, तिथेच सर्वांत खाली असतो. चाक दगडावर चढवून न्यावे. चर असेल तर दोन्ही चाके चराच्या दोन काठांवर ठेवावीत.

तीव्र उतारावर फोर-लोमध्ये पहिला गिअर टाकून, क्लचवरून पाय पूर्ण काढून इंजिनच्या ओढीने उतरावे. चढावर गाडी बंद पडली तर वळवण्याचा प्रयत्न करू नये, कारण आडवी झालेली गाडी उलटते. ब्रेक धरून रिव्हर्स गिअर टाकावा आणि आल्या रेषेत सरळ मागे यावे. आडव्या उतारावर गाडी खाली सरकू लागली तर स्टिअरिंग उताराच्याच दिशेने वळवावे.

पाणी ओलांडण्यापूर्वी काठी घेऊन स्वतः पाण्यातून चालावे. जे पाणी माणसाला चालता येत नाही ते गाडीला ओलांडता येईल असे समजू नये. साध्या गाडीसाठी चाकाच्या मध्यबिंदूपर्यंतचे, तळ पक्का असलेले आणि जवळजवळ स्थिर पाणी ही मर्यादा धरावी. गाडी पाण्यात बंद पडली आणि हवेच्या नळीतून पाणी आत गेल्याची शंका आली तर पुन्हा चावी फिरवू नये, कारण पाणी दाबले जात नाही आणि इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत काही अंतर जाऊन ते कोरडे करावेत.

अडकलेली गाडी ओढणे हे काम सर्वांत घातक आहे. गाडीला खास त्यासाठी दिलेल्या हुकालाच शॅकल (दोर अडकवण्याची लोखंडी कडी) लावावी. ट्रेलरच्या गोळ्याला दोर बांधू नये, तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. दोराच्या मधोमध जाड ओले पोते किंवा ब्लँकेट टाकावे आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर बाजूला उभे करावे. दोराच्या रेषेत कोणीही थांबू नये. फावडे, पुरेशा मापाचे दोर, दोन शॅकल, जॅकखाली ठेवायची जाड फळी आणि हवा भरण्याचा कॉम्प्रेसर एवढे सामान असेल तर बहुतेक प्रसंग निभावतात.

पठारावर, विशेषतः जून ते ऑक्टोबर या काळात, गाडी कधीही नेऊ नये. कातळावरचा मातीचा थर काही बोटांचाच असतो, त्यात रानफुलांची मुळे आणि बेडकांचे, किड्यांचे सारे जग असते. एका पावसात पडलेला चाकाचा चर पुढच्या पावसात ओहोळ होतो आणि माती धुऊन नेतो. आपली मौज एका दुपारची असते, पण तो चर बुजायला अनेक पावसाळे जातात.

अपघात झाल्यास

मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचे समन्वय केंद्रही आहे. त्याचा क्रमांक निघण्यापूर्वीच फोनमध्ये नोंदवून ठेवावा. फोन लागला की आधी ठिकाण सांगावे : गावाचे नाव, अक्षांश-रेखांश, जखमींची संख्या आणि दुखापतीचा प्रकार. माहिती देणारा एकच असावा आणि त्याने नेटवर्क असलेल्या जागेवरून हलू नये.

सर्पदंशात वेळ फार मोलाचा असतो. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप प्रमुख आहेत. दंश झालेला अवयव हलवू देऊ नये, त्याला काठी किंवा पुठ्ठ्याचा आधार बांधावा, अंगठ्या-कडी काढावीत. जखम कापू नये, चोखू नये आणि आवळून दोरी बांधू नये. शहापूर किंवा पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात अथवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जाताना वाटेतूनच फोन करून सर्पदंशावरचे प्रतिविष (अँटीव्हेनम) उपलब्ध असल्याची खात्री करावी. साप पकडून नेण्याची गरज नाही, दुरून फोटो मिळाला तर पुरे. पडलेल्या माणसाच्या मानेला किंवा पाठीला दुखत असेल तर त्याला जागेवरच ठेवून बचाव पथकाची वाट पाहावी. सोबतच्या लोकांनी उचलून नेण्याच्या घाईत पाठीच्या कण्याची दुखापत कायमची होऊ शकते.

परतीची कामे

गाडीच्या टायरमधली हवा मुरमासाठी उतरवली असेल तर महामार्गाला लागण्यापूर्वी ती भरावीच लागते. कमी हवेचे टायर वेगात तापतात आणि फुटतात. चाकांत अडकलेले दगड काढावेत, गाडीखाली वाकून ब्रेकच्या नळ्या, ऑइलचा चेंबर आणि सस्पेन्शनचे बोल्ट पाहावेत, पाण्यातून गेलो असू तर पुढच्या काही दिवसांत डिफरेन्शियलच्या तेलात दुधाळपणा आला आहे का, ते तपासून घ्यावे. सायकलची साखळी त्याच संध्याकाळी पुसून तेल द्यावे, कारण आपल्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत ती दोन दिवसांत गंजते. पायी गेलेल्यांनी आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत आणि केसांत गोचीड आहेत का ते पाहावे, असल्यास चिमट्याने तोंडाजवळ पकडून सरळ ओढून काढावी. मोबाइलवर नोंदलेली वाट नावानिशी जतन करावी आणि तिच्यावर ढोरवाटांचे फाटे, पाण्याच्या जागा व ओढ्याचे उतार त्याच रात्री लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी त्याच वाटेवर सायकल न्यायची की नाही, याचा निर्णय या टिपणांवरूनच होईल.